तो क्लच नव्हता, मोठे बाबा

मोठे बाबा,

तुमचा शेवटचा आवाज म्हणून माझ्या फोनमध्ये जे आहे, त्यात तुम्ही जवळजवळ बोलतच नाही. आधी पिकअपचं इंजिन ऐकू येतं. तोच जुना, जाड, घसा खाकरल्यासारखा आवाज, पण अगदी सुरळीत. मग गिअर पडल्याचा 'खट्'. आणि लगेच शांतता. त्या शांततेत गोडाऊनच्या पत्र्यावर कावळा चालतो आहे. अगदी शेवटी तुम्ही येता, जिंकल्यासारखे: "पाह्य! झाली न बंद? क्लच म्हणतो न मी."

अशा व्हॉइस नोट माझ्याकडे पुष्कळ आहेत. लोकांचे काका सकाळी सकाळी फुलांचे फोटो पाठवतात. तुम्ही बंद पडणाऱ्या इंजिनचा आवाज पाठवायचात. मी उत्तर टाइप करायचे, "क्लच नाही." बारीक अक्षर तुम्हाला दिसायचं नाही, मग तुमचा फोन यायचा, "काय लिहिलं वं तू? बोलून सांग." मी कोणाचे फोन उचलत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तुमचा उचलायचे. तुम्ही हॅलो न म्हणता सरळ मुद्द्यावर यायचात आणि मुद्दा संपला की न सांगता फोन ठेवायचात. मला तसंच बरं वाटायचं.

तुमच्याबद्दल या दिवसांत सगळे खूप बोलले. मी गप्प होते. तुम्हाला त्याचं नवल वाटलं नसतं. "ही पोरगी इंग्रजीत गुपचूप राह्यते का मराठीत, तेच समजत नाही," असं तुम्ही पाहुण्यांना सांगायचात. म्हणून आता लिहिते आहे. मराठीतच गप्प होते, मोठे बाबा.

माणसांशी बोलताना कुठे बघायचं, हे मला अजून नीट कळत नाही. डोळ्यांत बघितलं की शब्द विसरते, नाही बघितलं की लोक म्हणतात, गर्विष्ठ आहे. तुमच्याशी बोलताना हा प्रश्न आला नाही, कारण आपल्या दोघांमध्ये कायम ते उघडं बोनेट असायचं. दोघांनीही खालीच बघायचं. तुम्ही पान्यानं काहीतरी ठोकायचात, मी टॉर्च धरायचे, आणि त्या अंधाऱ्या, तेलकट खड्ड्याकडे बघत आपण काय वाटेल ते बोलायचो. माझी पहिली नोकरी मला आवडली नाही, हे मी आईबाबांच्या आधी तुम्हाला सांगितलं, रेडिएटरकडे बघत. "मंग सोड," तुम्ही म्हणालात, "आन् टॉर्च इकडं धर."

मांडव-खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या तुमच्या बिछायत केंद्राची ती गाडी माझ्यापेक्षा फार लहान नसेल. माझ्या आठवणीत ती जुनीच आहे. मागे एकात एक रचलेल्या लाल खुर्च्या, प्रत्येकीच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं तुमचं नाव, सतरंज्यांच्या गुंडाळ्या, स्वयंपाकाचे मोठे गंज-पातेली, झालरींची गाठोडी. उन्हाळ्यात स्टिअरिंगला हात लावता यायचा नाही, म्हणून तुम्ही त्यावर ओला दुपट्टा टाकून ठेवायचात. शाळेची व्हॅन आली नाही की बाबा तुम्हाला, त्यांच्या मोठ्या भावाला, फोन करायचे आणि मी त्या सगळ्या संसाराच्या पुढे, केबिनमध्ये, टाय लावून बसायचे.

कॉन्व्हेंटच्या गेटच्या अलीकडे कडुनिंबाचं झाड होतं. तुम्ही गाडी तिथेच थांबवायचात. "जाय इथून. पुढं गर्दी राह्यते." गर्दी नसायची. मला कळायचं तुम्ही का थांबता ते. मुली कारमधून उतरतात, त्यांच्यासमोर मला खुर्च्यांच्या गाडीतून उतरायला लाज वाटेल, असं तुम्ही स्वतःच ठरवून टाकलं होतं. मला गेटपर्यंत यायचं होतं, मोठे बाबा. एवढंच नाही, तुम्ही गेटसमोर गाडी वळवावी, मागे घ्यावी आणि ती रिव्हर्सची धून वाजावी, असं मला फार वाटायचं. कुठल्याशा दुकानातून आणलेली ती टिंगटिंग धून. सगळ्या मुलींनी वळून बघितलं असतं. कोणी वळून बघितलं तर जमिनीत जाणाऱ्या मला एवढी एकच इच्छा होती. पण मी झाडापाशी उतरायचे आणि "थँक यू" म्हणायचे, इंग्रजीत. तुम्ही हात हलवायचात. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

ती धून लग्नाच्या मांडवात वाजायची, बारशाला वाजायची, गणपतीच्या मंडपात तर पोरं तिच्यावर नाचायची. पण मयतीच्या घरी वाजायची नाही.

ज्या घरी माणूस गेला, तिथे तुमची गाडी कोणी बोलवायच्या आत पोचायची. हे तुम्ही कोणाला कधी मोठेपणानं सांगितलं नाही. फक्त एकदा, तुम्ही ताटावरून उठताना मोठी आई ओरडली, "अजून फोन तं येऊ द्या," तेव्हा म्हणालात, "लोक रडतीन का खुर्च्या मांगतीन?" खुर्च्या, सतरंजी, पाण्याचा ड्रम आणि सावलीसाठी हिरवं कापड. एवढं टाकायचं आणि निघायचं. एकदा शाळेतून परतताना मी गाडीत होते आणि तुम्ही तशाच एका घरी वळलात. गल्ली अरुंद होती. तुम्ही गाडी मागे घेतलीत. मी धुनेची वाट पाहत होते आणि मला भीती वाटत होती, आत कोणीतरी जोरात रडत होतं. धून वाजली नाही. गाडी नुसती मागे गेली, टायरखालची खडी तेवढी वाजली.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "आज का नाही वाजली?"

"गाडीले समजते वं," तुम्ही म्हणालात. तोंडावर हसू नव्हतं.

मी ते किती वर्षं खरं मानलं, हे आता लिहायला संकोच वाटतो. पुढे मानणं बंद झालं, पण कसं काय वाजत नाही, हे विचारायचं माझ्या कधी मनात आलं नाही. समजणारी गाडी मला हवी होती.

तर तीच गाडी गेल्या दिवाळीनंतर बिघडली. न्यूट्रलमध्ये उभी केली तर दिवसभर चालेल. क्लच दाबून पहिला गिअर टाकला की बंद. परत न्यूट्रल, परत किल्ली, परत सुरू. दुसऱ्यांदा टाकला तर कधी जायची, कधी नाही. आधी आठवड्यातून एखाद्या वेळी, मग रोज. तुम्ही डिझेलचं फिल्टर बदललंत, टाकी धुतलीत, क्लचचं पेडल कितीदा कसलंत आणि ढिलं केलंत. तुमचं म्हणणं पक्कं होतं, "क्लच सुटून नाही राह्यला, म्हणून इंजिनवर दाब येते."

"क्लच सुटत नसेल तर गाडी झटका देईल ना?" मी म्हणायचे. "ही झटका देत नाही. कोणीतरी किल्ली फिरवल्यासारखी बंद होते."

"तू कोणत्या कॉलेजात शिकली वं डिझेलचं?"

"मी ऐकते नुसतं."

"आयकून गाडी दुरुस्त होते काय? मंग रेडिओच लावून देतो तिले."

सावनेरच्या रस्त्यावर ती एका वरातीसमोर बंद पडली, तेव्हा तर तुम्ही फोनवर हसत हसत सांगत होतात. मागे बँड, पुढे तुम्ही, मध्ये घोडा. नवरदेवाच्या दोस्तांनी धक्का मारला. ही गोष्ट तुम्ही पुढे ज्याला त्याला सांगितलीत आणि प्रत्येक वेळी नवरदेव गाडीच्या थोडा जवळ आला. शेवटी शेवटी तर तो स्वतःच फेटा सावरत धक्का मारत होता. मी टोकलं तर म्हणालात, "तू होती काय तिथं?" आणि वर, "सीझन संपला का क्लचप्लेट टाकतो नवी. मंग तुयं तोंड पाह्यतो."

सीझन संपायच्या आत, मे महिन्यातल्या एका सकाळी, गोडाऊनला जायला निघालात आणि चप्पल घालता घालता उंबऱ्यात बसलात. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं झालं होतं.

त्या दुपारी गल्ली माणसांनी भरली आणि सगळी माणसं उभी होती. मेचं ऊन, डोक्यावर रुमाल, बायका समोरच्या घराच्या भिंतीला चिकटून, तेवढ्याच सावलीत. खुर्च्यांचं कोणालाच सुचलं नाही. खुर्च्यांचं तर तुम्ही बघायचात. शेजारच्यांनी मग घराघरांतून एकेक आणली. कोणाची जेवणाच्या टेबलाची, कोणाची प्लास्टिकची, कोणाची तर कॉम्प्युटरची चाकांची. तिच्यावर एका म्हाताऱ्या आजोबांना बसवलं, तर ते उतारावर हळूहळू सरकायला लागले आणि एकानं त्यांची पाठ धरून ठेवली. मला हसू आलं, आणि ते कोणाला सांगायचं, तर तुम्ही आत जमिनीवर होतात.

मोठ्या आईनं हे सगळं खिडकीतून पाहिलं होतं. मला वाटलं होतं, तिला काही दिसत नसेल. तेरवीच्या आदल्या दिवशी कळलं, की तिला तेवढंच दिसलं होतं.

निलेशदादानं, तिच्या मुलानं, तिला सांगितलं, गाडी काही चालत नाही. गॅरेजवाल्यानं येऊन पाहिली, तोही क्लचच म्हणाला. तुम्ही खूश झाला असता. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, उद्यापर्यंत होणार नाही.

"मी दुसऱ्या केंद्रातून मागवतो खुर्च्या," दादा म्हणाला. "फोन केला का येते."

"दुसऱ्याच्या खुर्च्यायवर बसतीन लोक? त्यायच्या तेरवीले?"

"बरं, आपल्याच खुर्च्या. दुसऱ्याच्या टेम्पोत टाकून आणतो."

"सगळ्यायच्या दारी त्यायची गाडी गेली. कोणी नाही बोलावलं तरी गेली," मोठी आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्या दिवशी लोक उन्हात उभे होते निलेश. त्यायच्या दारात लोक उभे होते. आता उद्या बी त्यायची गाडी त्यायच्या दारी येणार नाही काय गा?"

"अवं आई, गाडी हाय ते. माणूस नाही."

दादा बुटीबोरीच्या कारखान्यात रात्रपाळी करून त्या सगळ्या दिवसांत उभा होता, त्याचे डोळे लाल होते. तो रागावला नव्हता, थकला होता. "उद्या सकाळी आखरी पाह्यतो," तो म्हणाला. "नाही झाली तं टेम्पो. आन् तेरवी झाली का भंगारवाल्याले देऊन टाकतो, आत्ताच सांगून ठेवतो." आणि आतल्या खोलीत जाऊन झोपला.

मी कोपऱ्यात बसून तुमच्या व्हॉइस नोट ऐकत होते, कानात लावून. रोज ऐकत होते. इंजिन, खट्, शांतता. इंजिन, खट्, शांतता. आणि मला एकदम वाटलं, की आपण दोघांनी ही गाडी कायम चालू करून तपासली. इंजिन चालू असलं की इंजिनशिवाय दुसरं काही ऐकूच येत नाही.

मी मोठ्या आईजवळ जाऊन हळूच म्हटलं, "मी एकदा बघू का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. बसायला आलेल्या बायकांचं बोलणं थांबलं. या दिवसांत तिनं घराबाहेर पडायचं नव्हतं. "गोडाऊनची चाबी मायजवळ हाय," एवढंच बोलून ती उठली आणि चप्पल शोधायला लागली. एक बाई काहीतरी म्हणायला गेली, पण मोठी आई तोवर माझ्या स्कूटीच्या मागे बसली होती.

दुपारी रस्त्यावर कुत्रं नव्हतं. गोडाऊनमध्ये पत्रा तापून घुसमटत होतं, सतरंज्यांचा आणि डांबरगोळ्यांचा वास. गाडी मधोमध उभी. तुमचा दुपट्टा स्टिअरिंगवर, वाळून कडक झालेला. तो मी काढून बाजूला ठेवला आणि मग हात थोडा वेळ कशालाच लावला नाही.

"सुरू कर न," मोठी आई म्हणाली.

"सुरू नाही करायची."

बोनेट उघडून तिला तिथे उभं केलं. किल्ली अर्धीच फिरवली, इंजिन बंदच. पुढून बारीकसा आवाज आला, 'टक्'. हा आवाज मला माहीत होता. इंजिनच्या पंपावर एक छोटी झडप असते. तिला वीज मिळाली की ती उघडते आणि डिझेल जातं. वीज गेली की ती मिटते आणि इंजिन तहानलेलं, चूपचाप बंद होतं. झटका नाही, काही नाही. मी क्लच दाबला आणि गिअर टाकला.

'टक्.'

न्यूट्रल केला. 'टक्.'

"मोठी आई, ऐकू आलं?"

"परत कर."

परत केला.

"वाजलं!" ती बोनेटमध्ये जवळजवळ आतच गेली होती. "परत कर. वाजलं वं! हे तं दाराच्या कडीवानी वाजून राह्यलं."

म्हणजे गिअरचा दांडा हलला की कुठेतरी तार ओढली जात होती. मी दांड्याभोवतीचं रबर वर केलं. रबराच्या कडेखाली एक लाल तार दबलेली होती. दांडा पुढे गेला की ती ताणायची, मागे आला की सैल व्हायची. मी ती धरून धरून डॅशबोर्डच्या मागे गेले, तर तिथे पंपाची तार मध्येच तोडून तिच्यात ती जोडलेली. जोडावरची टेप एवढ्या उन्हाळ्यांनी वाळून पापडासारखी झाली होती. हात लावला तर गळून पडली. आणि तिच्या आत, मोठे बाबा, सुरगाठ होती.

तांब्याच्या तारेची सुरगाठ. मांडवाच्या दोरीला तुम्ही मारायचात, तीच. एका हिसक्यात सुटणारी. "मांडव बांधायले घंटा लागू दे, सोडायले मिनिट लागला पाह्यजे," हे मी तुमच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं. हातांना एकच गाठ ठाऊक, ती तुम्ही इंजिनच्या तारेलाही मारून ठेवलीत. आणि गाठीनं तिचं काम केलं. गिअर टाकला की जरा ओढ, जरा ओढ, आणि दरवेळी केसभर सुटायची.

मी मोठ्या आईला दाखवली. तिनं वाकून बघितली आणि तिच्या तोंडून हसू फुटलं. "बाप्पा! गाडीले कनात समजले काय हे!" इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पदर तोंडावर घेऊन ती हसत राहिली आणि हसता हसता गाडीच्या पायरीवर बसली. मी दुसरीकडे बघितलं. ती उठेपर्यंत टॉर्च मी तारेवरच धरून ठेवली.

लाल तारेचं दुसरं टोक डॅशबोर्डच्या खाली एका काळ्या बटणाला जात होतं. गुडघ्याच्या मागे, सहज दिसणार नाही अशा जागी. मी ते याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"हे कशाचं?"

"ते होय," मोठी आई म्हणाली. "मागं घेताना वाजते न ते टिंगटिंग, ते बंद करायचं. एका मयतीच्या घरी वाजलं होतं, एक डाव. तू लहान असशीन तेव्हा. जवान पोरगा गेला होता त्यायचा. घरी आले आन् जेवलेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून इथंच बसले होते, तार घेऊन. मी म्हटलं, मेकॅनिककडं न्या. तं म्हणे, त्याले काय सांगू, कायले पाह्यजे बटण?"

मी ते बटण बोटानं खाली केलं, वर केलं. इतकंच होतं ते. गाडीला समजत होतं, ते इथून समजत होतं.

तुम्हाला ही तार आठवत नव्हती, की आठवत होती? तुम्ही गाडीचा कण न् कण तपासलात. फिल्टर, टाकी, पेडल. फक्त इथे हात घातला नाहीत. मी "विजेचं काहीतरी आहे" म्हणाले की तुम्ही दुप्पट जोरानं "क्लच" म्हणायचात. मला उत्तर नको आहे. पण बोनेटवर वाकून, तुमच्याकडे न बघता, मी विचारलं असतं एवढं नक्की.

लाइटिंगच्या पेटीत टेप सापडली. चाकूनं तांबं घासून घेतलं, तिन्ही टोकं एकत्र सरळ पिळली, टेप लावली, आणि लाल तार दांड्यापासून दूर, वर बांधून टाकली. तुमचं बटण काढलं नाही. मग किल्ली पूर्ण फिरवली. इंजिनचा आवाज पत्र्याखाली एवढा मोठा झाला, की मोठ्या आईनं कानांवर हात ठेवले आणि तशीच ओरडली, "टाक!"

मी ती गाडी कधी चालवली नव्हती. क्लच दाबला. खट्. कानांना शांततेची इतकी सवय झाली होती, की इंजिन चालूच आहे हे कळायला वेळ लागला. गाडी हातभर पुढे गेली आणि मी घाबरून ब्रेक मारला. मग परत न्यूट्रल, परत पहिला. परत. पुढे जायचं नव्हतं कुठे. ती बंद पडत नाही, हे नुसतं ऐकायचं होतं.

तेरवीच्या सकाळी दादा गाडी घेऊन आला. काल आम्ही काय केलं, हे त्याला मोठ्या आईनं सांगितलं होतं, बटणाचंही. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळवली, खाली वाकून बटण दाबलं आणि मागे घेतली. खडी वाजली, बस. मोठी आई दारात उभी होती. कोणी कोणाला सांगितलं नाही, पण समोरच्या घरातून दोघं आले, शेजारचे आले, त्या दिवशी ज्यांची चाकांची खुर्ची आणली होती तेही आले, आणि हातोहात लाल खुर्च्या उतरल्या. हिरवं कापड ताणलं गेलं. तुमच्या नावाच्या पाठी रांगेनं लागल्या. शेवटची रांग लागेपर्यंत मोठी आई दारातून हलली नाही. मग आत जाऊन पूजेला बसली.

दुपारी जेवायला आलेली माणसं सावलीत बसून बोलत होती. कोणीतरी म्हणालं, "गाडी त्यायचीच हाय वाटते." एवढंच. मोठ्या आईला ते ऐकू गेलं असावं, कारण तिनं त्या माणसाच्या ताटात आग्रहानं आणखी एक पुरी वाढली.

भंगारवाल्याचं नाव त्यानंतर दादानं काढलं नाही. तुम्ही कन्हानचं एक बारसं कबूल करून ठेवलं होतं. "बाबांनी शब्द देऊन ठेवला, तेवढं करून टाकतो," असं म्हणून तो परवा सुट्टी काढून गाडी घेऊन गेला. संध्याकाळी माझा फोन वाजला. दादाचं नाव. आमचं आजवरचं बोलणं म्हणजे राखीपौर्णिमेचा एक मेसेज. मी उचलला.

"नाही पडली बंद," तो म्हणाला. हॅलो नाही, काही नाही. "जाताना नाही, येताना नाही."

"बरं झालं."

मला वाटलं, ठेवेल. ठेवला नाही.

"पण एक सांगू काय? क्लच थोडा धरतेच हाय. पुलाच्या चढावर वास आला. बाबा एकदम खोटं नव्हते बोलत."

मला काय झालं, माहीत नाही. इतके दिवस न आलेलं रडू आता आलं आणि त्याच वेळी खूप बरंही वाटलं. तुम्ही पूर्ण चुकला नव्हतात, म्हणून असेल. वाद संपला नव्हता, म्हणूनही असेल. पण मी म्हटलं, "क्लच नाही तो. हँडब्रेक अर्धा ओढलेला असेल तुझा."

"तुले काय मालूम? मी चालवून राह्यलो होतो."

"वास कसला होता? जळक्या कागदासारखा की रबरासारखा?"

"वास वासासारखा होता वं!"

"असं कसं, दोन्ही वेगळे असतात," मी म्हटलं, आणि मग बाल्कनीत उभी राहून त्याला सांगायला लागले, की क्लचचा वास कसा येतो, ब्रेकचा कसा, पुलावर उतरून चाकाला हात लावून बघायला हवा होता, गरम असतं तर ब्रेकच. तो मध्येच तोडत होता, मी त्याला तोडत होते. तुम्ही असता तर कोणाची बाजू घेतली असती, ते मला माहीत आहे. माझा आवाज बराच चढला असणार. खालून जाणारी दोन माणसं थांबून वर बघायला लागली.

मी आत गेले नाही.